एका शेताचे दोन नमुने

४ नोव्हेंबर

चि. ढेकळीला आत्याचे अनेक आशीर्वाद,

सोबतच्या बाटलीत आपल्या शेताची माती आहे. बाटली उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून, मगच भरली आहे. तुझ्या माती परीक्षण प्रयोगशाळेने स्वच्छतेवरून नाक मुरडायचं कारण नाही. जन्मभर हॉस्पिटलात मेट्रन होते, नमुना कसा पाठवायचा ते मला कुणी शिकवायला नको. मातीतले खडे वेचले, काडीकचरा काढला आणि पिठाच्या चाळणीने दोनदा चाळली. चाळणी आता नवीन घ्यावी लागेल.

तुझ्या बाबांनी तुला सांगितलं नसणार, म्हणून मीच सांगते. बारक्याच्या डोक्यात वीटभट्टीवाल्याने भुंगा सोडला आहे. आजोबांचं टेकाडाखालचं शेत त्याला विटांच्या मातीसाठी द्यायचं म्हणतो. विटांची माती म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. वरचा थर खरवडून नेणार आणि आपल्याला खड्डा ठेवणार. शेत दोघांच्या नावावर आहे, माझ्या सहीशिवाय पान हलत नाही. पण धाकट्या भावाशी कोर्टात भांडायची माझी इच्छा नाही. शेवटी परवा त्याला म्हटलं, "बारक्या, शेत फळबागेला लायक आहे असं तुझी लेकच लिहून देईल. दिलं, तर विटांचं नाव काढायचं नाही. नाही दिलं, तर मी मुकाट्याने सही करते." तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच म्हणाला की मला जरा शंका आली, पण शब्द दिला तो दिला.

मला तिथे संत्र्याची बाग करायची आहे. सगळा जन्म फिनेलच्या वासात गेला. आता दार उघडलं की संत्र्याच्या फुलांचा वास यावा, एवढीच इच्छा आहे.

तेव्हा बाई, नीट तपास. घरची आहेस म्हणून सूट देऊ नकोस. पण घरची आहेस हे विसरूही नकोस.

तुझी,
आत्या

ता. क. बाटलीवर पट्टी चिकटवून त्यावर नाव-तारीख लिहिली आहे. वयाच्या जागी "आजोबांच्याही आधीची" लिहिलं आहे.

---

११ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
साष्टांग नमस्कार.

बाटली धडधाकट पोचली. आमच्या शिपायाला वाटलं कुणीतरी रक्त तपासायला चुकून इथे पाठवलं. वय वाचून साहेबसुद्धा हसले.

निकाल आला आहे आणि तुला काय सांगू, अशी माती मी या जिल्ह्यात पाहिलेली नाही. भुसभुशीत, काळी, कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश भरपूर, चुनखडी जवळजवळ नाहीच. चुनखडी हीच संत्र्याची वैरीण. ती जास्त असली की पानं पिवळी पडतात आणि झाड कुढत बसतं. तुझ्या मातीत संत्रंच काय, पेन्सिल खोचली तरी पालवी फुटेल.

पण आत्या, एक गोष्ट डोकं खाते आहे. गेली दोन वर्षं मी जिल्ह्याच्या मातीचा नकाशा करते आहे. कुठे काय पिकेल ते रंगांनी दाखवायचं. टेकाडाखालचा सगळा पट्टा मी पिवळा रंगवला आहे. पिवळा म्हणजे उथळ, चुनखडीची, फळझाडांना जपून. तुमच्या शेजारी ड्रायव्हरकाका राहतात, त्यांच्या शेतात मी स्वतः खड्डा घेतला होता. बांधाच्या अलीकडे हिरा आणि पलीकडे गारगोटी, असं सहसा होत नाही. नकाशा महिन्याभरात छापायला जायचा आहे. तो चुकला असेल तर मला पुन्हा पायपीट करावी लागेल.

म्हणून विचारते, रागावू नकोस. आमच्या नियमाप्रमाणे शेतभर नागमोडी फिरून, आठ-दहा जागी वीतभर खणून, सगळी माती एकत्र कालवून त्यातली ओंजळभर पाठवलीस ना? तेवढं कळव, म्हणजे मी सहीशिक्क्याचा कागद पाठवते.

बाबांची गंमत ऐक. निकाल सांगितला तेव्हा "हं" म्हणाले आणि भाजीत मीठ घालून घेतलं. भाजी आधीच खारट होती.

तुझी,
ढेकळी

---

१७ नोव्हेंबर

चि. ढेकळीला आशीर्वाद,

तुझं पत्र मी दुकानात वाचून दाखवलं, दवाखान्यात वाचून दाखवलं आणि ड्रायव्हरसाहेबांना तर दोनदा वाचून दाखवलं. त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. बिचारे बांधापाशी उभं राहून एकदा आपली माती बघत होते, एकदा माझी. म्हणाले, "सिस्टर, माझ्याकडे तर कुदळ मारली की ठिणगी उडते." मी म्हटलं, नशीब असतं एकेकाचं.

रोपवाटिकेत जाऊन रोपं बघून आले. संत्र्याची साठ सांगून ठेवली आहेत.

तू नागमोडीचं विचारलंस. बाई गं, माझे गुडघे आता नागमोडी चालत नाहीत, सरळ चालले तरी पुष्कळ. माती आपल्याच शेतातली आहे, एवढं देवाशपथ सांगते. कागद लवकर पाठव.

रविवारी बारक्या आला होता. मला वाटलं, हरला म्हणून तोंड पाडून येईल. छे, चांगला खुशीत होता. जेवला, माझं औषधांचं कपाट उगाच उघडून बघितलं, विहिरीपाशी जाऊन पायऱ्या बघितल्या. मग म्हणाला, "ताई, जरा टेकाडावर हवा खाऊन येतो." भर दुपारी कसली हवा? जाताना हातात रिकामी पिशवी होती, येताना फुगलेली. विचारलं तर म्हणाला, रानभाजी. या दिवसांत टेकाडावर रानभाजी कुठली? पण मी जाऊ दिलं. हरलेल्या माणसाला फार प्रश्न विचारू नयेत.

तुझी,
आत्या

---

२६ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

आधी एक पेलाभर पाणी पी आणि मग पुढे वाच.

गेल्या आठवड्यात आमच्या काउंटरवर मातीची आणखी एक पिशवी आली. देणाऱ्याने नाव लिहिलं नव्हतं. शेताचा क्रमांक तेवढा लिहिला होता, आपल्याच शेताचा. अक्षर तेच, ज्या अक्षराने माझ्या शाळेच्या वह्यांवर कव्हरं घातल्यावर नावं घातली जायची.

पिशवीत माती कमी आणि खडे जास्त. चुनखडी इतकी की तपासणीसाठी आम्लाचे चार थेंब टाकले तर सोड्याची बाटली उघडल्यासारखा फेस बाहेर आला. निकाल: उथळ, चुनखडीयुक्त, फळझाडांस अयोग्य. आता माझ्या टेबलावर एकाच शेताचे दोन नमुने आहेत. एक म्हणतो स्वर्ग, दुसरा म्हणतो स्मशान. साहेब म्हणाले, "बाई, शेत तुमचंच ना? मग भूकंप कधी झाला तेही लिहा अहवालात."

रात्री जेवताना मी सहज म्हटलं, "बाबा, टेकाडाच्या माथ्यावरची माती म्हणजे शेताची माती नव्हे." त्यांना ठसका लागला. आई म्हणाली, "तरीच. त्या दिवशी सगळ्या बाजारहाटाच्या पिशव्या जागेवर होत्या आणि माझी चांगली निळी पिशवी तेवढी गायब होती." बाबा म्हणाले, "आत्याने तरी कुठे सगळ्या शेताची पाठवली आहे? त्या मातीचा रंग मी तुझ्या टेबलावरच्या बाटलीत बघितला. ती माती मला ओळखू येते." आणि ताटावरून उठले.

आत्या, आता खरं सांग. मी या दोन्हींतल्या एकाही कागदावर शिक्का मारू शकत नाही. नोकरी आहे म्हणून नव्हे. तू साठ झाडं लावशील, जिवापाड पाणी घालशील आणि तिसऱ्या वर्षी एकेक पिवळं पडायला लागेल. ते मला बघवणार नाही.

तुझी,
ढेकळी

---

३० नोव्हेंबर

चि. ढेकळीला आशीर्वाद,

हो, मी माती खाल्ली. लहानपणी तू खायचीस, म्हातारपणी मी. गोठ्यामागे आजोबांचा उकिरडा होता, तिथली पाठवली. गाई गेल्या त्याला जमाना झाला, पण तिथे अजून कुदळ लोण्यात घातल्यासारखी जाते. मला त्यात खोटं काही वाटलंच नाही. फोटोला बसवताना पोराचा शेंबूड पुसतोच ना आपण? बाहेर पाठवायची वस्तू घरातली चांगलीच पाठवायची, असं आईने शिकवलं. वॉर्ड तपासायला वरचे साहेब यायचे तेव्हासुद्धा मी ठणठणीत पेशंट दारापाशी ठेवायची.

पण बारक्याचं मात्र मला लागलं. मी नटवली, ठीक आहे, माझं शेतावर प्रेम आहे. त्याने मुद्दाम वाईट दाखवावी? ज्या शेतात आम्ही दोघं ढेकळं फोडत वाढलो, जिथे मी त्याला पाठुंगळी घेऊन फिरले, ते शेत खरवडून द्यायची त्याला एवढी घाई का? पैशाला तो कधी हपापलेला नव्हता. शर्टाची कॉलर उलटून शिवणारा माणूस तो.

विचार करून करून मी शेवटी ठरवलं आहे. शब्द म्हणजे शब्द. तू लायक लिहू शकत नाहीस, तर मी सही करणार. रोपवाटिकेत जाऊन साठ रोपं नको म्हणून सांगून आले. त्या बाईने कारण विचारलं, तोवर मी फाटकाबाहेर आले होते. ड्रायव्हरसाहेबांना बांधावरूनच हात केला आणि आत आले.

वाईट वाटतं गं. खूप वाईट वाटतं. माती एकदा गेली की गेली, ती काही पुढच्या वर्षी पुन्हा उगवत नाही.

तुझी,
आत्या

---

६ डिसेंबर

प्रिय आत्या,

सही करू नकोस. पेनसुद्धा हातात धरू नकोस. सविस्तर सांगते.

बाबांनी माझ्या नकळत त्यांच्या नमुन्याचा कच्चा निकाल उचलला आणि वीटभट्टीवाल्याला नेऊन दाखवला. म्हणजे कसं, "बघा, इथे काही पिकत नाही, ताई आता अडवणार नाही, तुम्ही कामाला लागा." वीटभट्टीवाल्याने कागद वाचला, चुनखडीचा आकडा वाचला, परत वाचला. मग बाबांना म्हणाला, "काका, हे आधी का नाही सांगितलं? चुन्याचा खडा विटेत राहिला की भट्टीत गप्प बसतो. पुढे भिंतीला ओल लागली की फुगतो आणि वीट फोडतो. लोक माझ्या नावाने खडे फोडतील." बाबांनी सांगून पाहिलं की ही फक्त माथ्यावरची माती आहे. मग तो दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन शेताच्या मधोमध खणून गेला. तू त्या दिवशी दवाखान्यात होतीस म्हणे. तिथेही त्याला पांढरे खडे सापडले. माथ्याइतके नाहीत, पण त्याच्या विटांना पुरेसे. तो गेला तो गेलाच. बाबांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

घरी आले तेव्हा मी हसत होते. त्यांचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं. दारातल्या खुर्चीवर बूट न काढता बसून राहिले. म्हणाले, "आता ताई कधीच इकडे यायची नाही."

आत्या, तू उन्हाळ्यात विहिरीच्या पायरीवरून घसरली होतीस. दुपारभर तिथेच पडून होतीस. ड्रायव्हरकाकांच्या कुत्र्याने भुंकून त्यांना आणलं. तू आम्हाला कळवलं होतंस, "जरा पाय मुरगळला." ड्रायव्हरकाकांनी बाबांना सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून बाबांना धड झोप नाही. तुला इकडे राहायला ये म्हणून त्यांनी किती वेळा विनवलं, आणि दर वेळी तू म्हणालीस, शेताकडे कोण बघणार? तेव्हा त्यांनी सरळ हिशेब केला, शेतच नसलं की ताई येईल. एवढीच ती घाई. विटांचं त्यांना काय पडलंय, आयुष्यात कधी कोंबड्यांचं खुराडंही बांधलं नाही त्यांनी.

हे तुला लिहू नकोस म्हणून त्यांनी मला बजावलं आहे. तुम्ही दोघांनी मला न विचारता माती पाठवली, मी त्यांना न विचारता पत्र पाठवते. घरोघरी मातीच्या चुली असतात, आमच्याकडे त्या बाटलीत आणि पिशवीत भरून येतात.

रविवारी कुदळ, टेप आणि बाबा घेऊन येते आहे. शेतात तीन खड्डे घ्यायचे, वर, मध्ये आणि खाली. उकिरडाही नको, माथाही नको. जे आहे ते बघू.

तुझी,
ढेकळी

---

८ डिसेंबर

बारक्या,

लेकीने सगळं कळवलं. तिला रागावलास तर माझ्याशी गाठ आहे.

गाढवा, बहिणीची काळजी वाटली तर तोंडाने सांगावं. शेत विकायला काढतात काय? पाय मुरगळला असं मी खोटं लिहिलं, कारण तू धावत आला असतास आणि तुझा रक्तदाब मोजायचं काम मलाच करावं लागलं असतं. पडले होते तेव्हा मला भीती वाटली होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच सांगते आहे.

रविवारी ये. जुने कपडे घालून ये. आणि वहिनीची निळी पिशवी धुऊन परत दे.

ताई

---

१९ डिसेंबर

चि. ढेकळीस अनेक आशीर्वाद,

तू सोमवारी गेलीस आणि मी "दोन दिवस राहतो" म्हणालो होतो, त्याला आता बरेच दिवस झाले. आईला सांग, प्रकृती उत्तम आहे. हाताला फोड आले आहेत, त्यावर ताईने एवढं बँडेज बांधलं आहे की चमचा धरता येत नाही.

तू पाठवलेला सहीशिक्क्याचा कागद काल मिळाला. तिन्ही खड्ड्यांचे निकाल मी ताईला मोठ्याने वाचून दाखवले. संत्र्याला अयोग्य, हे मी भरभर वाचून टाकलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग पुढची ओळ वाचली, की माती गुडघाभर खोल आहे, खालचा मुरूम भुसभुशीत आहे, पाण्याचा निचरा चांगला, आणि एवढी चुनखडी अंजिराला चालते, उलट मानवते. ताई वळली आणि म्हणाली, "अंजीर? मग इतके दिवस ही बया संत्री संत्री काय करत होती?" मी म्हटलं, "संत्री तू करत होतीस." "मी काय, मला कुणी सांगितलं नाही तर मी काहीही करीन," म्हणाली. तुझा नकाशा बरोबर आहे, हे तिला आवडलेलं नाही, पण ड्रायव्हरसाहेबांना मात्र कौतुकाने सांगत होती, "पिवळा रंग आहे आपला. आपला म्हणजे तुमचासुद्धा." आता तेही अंजीर लावणार आहेत. तिने उकिरड्याची माती प्रत्येक खड्ड्यात टोपलीभर टाकायची ठरवली आहे. गोठ्यामागे दोन संत्री लावणारच आहे, तिथे तुझा कागद चालत नाही म्हणे.

खड्डे आत्ता खणायचे, उन्हात तापू द्यायचे, रोपं पुढच्या मोसमात. मी वर खणतो, ती खाली बसून दोरी धरते आणि रांग वाकडी झाली म्हणून ओरडते. एकही खड्डा तिने पहिल्यांदा पास केलेला नाही.

आज दुपारी बांधावर बसलो होतो. मी मनाचा हिय्या करून विचारलंच. म्हटलं, "ताई, अंजिराला फळ धरायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर तू पुन्हा पडलीस, आजारी पडलीस, तर इथे बघणार कोण?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी इंजेक्शनला घाबरणारा पेशंट. म्हणाली, "बारक्या, एवढे खड्डे मी तुझ्याकडून कशाला खणून घेते आहे? स्वतः खणलेला खड्डा सोडून माणूस जात नाही."

डोळ्यांत पाणी आलं, ते तिला दिसू नये म्हणून उठून पुढचा खड्डा खणायला घेतला. तिने तोही वाकडा ठरवला.

तिला तिकडे न्यायला म्हणून मी एवढा खटाटोप केला, आणि इथे अडकलो मीच. तेव्हा आईला म्हणावं, तूच तुझं सामान आवर आणि इकडे ये. ताईने कोपऱ्यातली खोली झाडून दोन खाटा टाकल्या आहेत.

तुझा,
बाबा